थकलेली बॅटरी आणि तिची दुरुस्ती

शहरांतील पुष्कळ घरांच्या माळ्यावर अलीकडे एका नव्या जातीची अडगळ सांठूं लागली आहे. ती म्हणजे तारेवांचून, बॅटरीवर चालणारीं भोंकें पाडण्याचीं व स्क्रू पिळण्याचीं यंत्रें. दुकानदार आणि सुतार दोघेहि त्यांस 'कॉर्डलेस ड्रिल' म्हणतात. 'बिनतारी' हा शब्द मराठींत नभोवाणीनें आधींच अडवून ठेवलेला असल्यामुळें या यंत्रांस सोयीचें देशी नांव अजून मिळालेलें नाहीं. असें एखादें यंत्र खालीं काढून पाहिलें तर त्याची मोटर शाबूत असते, दांतेरी चाकें झिजलेलीं नसतात, पुढचा जबडा आजहि घट्ट आवळतो; आणि तरीहि तें निरुपयोगी असतें, कारण त्याची बॅटरी मेलेली असते. नवी बॅटरी घ्यावयास जावें तर एक तर ती जात कारखान्यानें बंद केलेली असते, किंवा तिची किंमत ऐकून त्यापेक्षां नवें यंत्रच घेतलेलें बरें असें वाटूं लागतें. घरधन्याच्या दृष्टीनें हा अडगळीचा व थोडाफार खर्चाचा प्रश्न आहे. परंतु दारोदार फिरून कामें करणाऱ्या सुतारास किंवा वायरमनास तो रोजच्या मजुरीचा प्रश्न आहे. त्याचें यंत्र दुपारीं दोन वाजतां थांबलें तर त्याचा अर्धा दिवस बुडतो.

'मेलेली' हा शब्द मात्र पुष्कळदां खरा नसतो. अशा बॅटरींत बहुधा एक किंवा दोन घट बिघडलेले असतात, आणि बाकीचे आठ-नऊ त्यांच्या पायीं अडकून पडलेले असतात. ते कोणते हें शोधतां आलें, म्हणजे दुरुस्तीचें निम्में काम झालें. त्यासाठीं ही वस्तु आंतून कशी असते तें प्रथम पाहिलें पाहिजे.

तारेपासून सुटलेलें पहिलें ड्रिल अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीनें १९६१ सालीं बाजारांत आणलें. त्यांत निकेल-कॅडमियमचे घट होते. या घटाचा शोध त्याहूनहि बराच जुना; स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यानें तो १८९९ सालीं लावला होता. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें हत्यारांच्या जगांत या घटाचें एकछत्री राज्य होतें. सोनी कंपनीनें १९९१ सालीं लिथियम-आयन घट विक्रीस आणला. तो हत्यारांत शिरण्यास आणखी दहा-पंधरा वर्षें लागलीं. युरोपीय संघानें कॅडमियमच्या विषारीपणामुळें हातीं धरावयाच्या उपकरणांतून त्याची हकालपट्टी आरंभली, तरी तारेवांचून चालणाऱ्या हत्यारांस सूट दिली होती. ती सूटहि २०१६ सालच्या अखेरीस संपली. आज दुकानांत दिसतात तीं बहुतेक सर्व नवीं यंत्रें लिथियमचीं आहेत. माळ्यावर निजलेलीं मात्र पुष्कळशीं निकेल-कॅडमियमचीं आहेत. या दोन जातींच्या दुरुस्तींत इतका फरक आहे कीं एकीचा नियम दुसरीस लावणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. म्हणून प्रथम बॅटरीवरील अक्षरें वाचावीं. निकेल-कॅडमियमची खूण 'एनआय-सीडी' अशा रोमन अक्षरांत असते, लिथियमची 'एलआय-आयन' अशी. दाबाच्या आंकड्यावरून जात ओळखूं जाणें फसवें आहे, कारण १८ व्होल्टांच्या बॅटऱ्या दोन्ही जातींत आहेत.

निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचें खोकें उघडलें कीं आंत जाड्या मेणबत्तीच्या तुकड्यांसारखे आंखूड घट उभे केलेले दिसतात. प्रत्येकाचा व्यास सुमारें २३ मिलिमीटर व उंची सुमारें ४३ मिलिमीटर. बाजारांत या मापास 'सब-सी' म्हणतात. एका घटाचा दाब १.२ व्होल्ट. तेव्हां १२ व्होल्टांच्या बॅटरींत दहा घट, १४.४ व्होल्टांच्या बॅटरींत बारा आणि १८ व्होल्टांच्या बॅटरींत पंधरा घट असतात. एका घटाचें धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकास निकेलच्या पातळ पट्टीनें जोडलेलें असतें. शिवाय घटांच्या मध्यें कोठें तरी मुगाच्या दाण्याएवढा एक उष्णतामापक चिकटविलेला असतो. तो क्षुल्लक दिसतो म्हणून अनेकजण दुरुस्ती करतांना त्यास फेंकून देतात. त्याचें महत्त्व पुढें येईलच.

दहा घट असे एकापुढें एक जोडले कीं प्रत्येकांतून अगदीं सारखाच प्रवाह जावा लागतो. विहिरीपासून हौदापर्यंत दहा गडी उभे करून घागरी हातोहात पुढें देण्याचें काम लावलें, तर सर्व रांगेचा वेग सर्वांत अशक्त गड्याइतकाच राहतो. बॅटरींतहि तसेंच होतें. पण येथें याहून वाईट असा एक प्रकार घडतो. अशक्त घट इतरांच्या आधीं रिकामा होतो. बाकीचे नऊ अजून भरलेले असतात, यंत्राचा घोडा दाबलेलाच असतो, आणि ते नऊ घट आपला प्रवाह या रिकाम्या घटांतून बळेंच ढकलीत राहतात. त्यामुळें त्याचीं टोकें उलटतात. धन तें ऋण होतें व ऋण तें धन. आंत वायु तयार होतो, त्याचा दाब वाढला कीं टोपणांतील झडप उघडते, आणि वायूबरोबर आंतील द्रवाचा अंशहि बाहेर पडतो. असें चार-सहा वेळां झालें कीं अशक्त घट कायमचा निकामी होतो. बॅटरी उघडल्यावर एखाद्या घटाच्या तोंडाशीं पांढरी भुकटी जमलेली दिसते ती याच अपघाताची खूण. द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक तीव्र अल्कली. हवेंतील कार्बन डायऑक्साइडनें त्याची पांढरी भुकटी होते. ती उघड्या हातानें पुसूं नये. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावलेल्या फडक्यानें ती पुसली कीं तिचा दाहकपणा मरतो. डोळ्यांवर मात्र चष्मा असावाच, आणि चुकून डोळ्यांत कण गेलाच तर लिंबू-व्हिनेगर कांहींहि न वापरतां केवळ स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ डोळा धुवून डॉक्टरांकडे जावें.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीस 'स्मृति' असते, ती अर्धवट वापरून पुन्हां भरली तर तेवढेंच काम लक्षांत ठेवते, म्हणून ती मधून मधून पूर्ण रिकामी करावी, असें सांगतात. यावरून कित्येकजण यंत्राचा घोडा रबरानें बांधून ठेवतात व मोटर पूर्ण थांबेपर्यंत ती चालूं देतात. वर सांगितलेलें उलटें होणें घडवून आणण्यास याहून खात्रीचा उपाय नाहीं. 'स्मृती'चा खरा परिणाम जेथें बॅटरी दररोज अगदीं ठराविक प्रमाणांतच रिकामी होते अशा ठिकाणींच दिसतो, उदाहरणार्थ कृत्रिम उपग्रहांत. सुताराच्या कामांत असा नियमितपणा कोठला? त्याच्या बॅटरींत जें दिसतें तें बहुधा निराळेंच असतें: स्वस्त चार्जर भरती पूर्ण झाल्यावर आपण होऊन थांबत नाहीं, बॅटरी रात्रंदिवस त्यावर राहते, तापते, आणि आंतील कॅडमियमचे बारीक कण वाढून मोठे स्फटिक होतात. यंत्राचा वेग मंदावला कीं काम थांबवावें व बॅटरी भरावयास लावावी, भरली कीं चार्जरवरून काढावी. एवढें केलें तरी पुष्कळ बॅटऱ्या आणखी कांहीं वर्षें टिकल्या असत्या.

आतां तपासणी. तिला फार थोडें साहित्य लागतें: एक साधा मल्टिमीटर, मोटारीच्या पुढच्या दिव्यांतील १२ व्होल्ट ५५ वॉटचा एक गोळा, दोन जाड तारा, कागद आणि पेन्सिल. खोक्याचे स्क्रू बहुधा सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खांचेचे असतात. त्याजोगा पेचकस हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. हातांतील आंगठी, बांगडी व धातूचा घड्याळाचा पट्टा आधींच काढून ठेवावा. हा सल्ला भित्रेपणाचा वाटेल. पण या लहानशा घटाचीं दोन टोकें धातूनें जुळलीं तर शंभर अँपियरच्या घरांतील प्रवाह वाहूं शकतो, आणि आंगठी बोटांत असतांनाच लाल होते. खोकें उघडल्यावर कशासहि हात लावण्यापूर्वीं घटांच्या मांडणीचें चित्र काढावें किंवा मोबाईलवर छायाचित्र घ्यावें, आणि प्रत्येक घटावर शाईनें क्रमांक घालावा.

बॅटरी नेहमींच्या चार्जरनें भरून तासभर तशीच ठेवावी व मग एकेका घटाचा दाब मोजून कागदावर उतरावा. निरोगी घट १.३ व्होल्टांच्या वर असतो. एखादा अगदीं शून्य दाखवील. त्याच्या आंत कॅडमियमची केसासारखी बारीक सुई वाढून ती दोन्ही पत्र्यांना जोडून गेलेली असते. पण याच पायरीवर अनेकांची फसगत होते. शून्य दाखविणारा घट बदलला, बाकीचे नऊहि १.३ दाखवितात, आणि तरी यंत्र स्क्रूपुढें हार खातें. याचें कारण असें कीं मल्टिमीटर घटाकडून जवळजवळ कांहींच काम घेत नाहीं. आजारी माणूस अंथरुणावर पडलेला असतांना धडधाकट दिसावा त्यांतलाच हा प्रकार. त्याला जिना चढावयास लावलें पाहिजे, आणि त्यासाठींच मोटारीचा दिवा.

दहा घटांच्या बॅटरीस हा दिवा जोडला कीं सुमारें साडेचार अँपियर प्रवाह वाहूं लागतो. दिवा फार तापतो, तो फरशीवर ठेवावा व कांचेस हात लावूं नये. दिवा जळत असतांना पुन्हां एकेका घटाचा दाब मोजावा. चांगला घट १.२ व्होल्टांच्या आसपास स्थिर राहतो. थकलेला १.०, ०.९ असा डोळ्यांदेखत उतरत जातो, आणि अगदीं वाईट असलेला उणें चिन्ह दाखवितो, म्हणजे तो उलटला. अर्थात् तसें दिसतांच दिवा काढावा. बॅटरी दीड अँपियर-तासांची असेल तर या दिव्यावर ती नवी असतां सुमारें वीस मिनिटें चालली असती; ती आठ मिनिटांत संपली तर तिच्या अंगीं किती शक्ति उरली आहे हा हिशेब कोणासहि करतां येईल. १८ व्होल्टांच्या बॅटरीस असे दोन दिवे एकापुढें एक जोडावे, नाहीं तर एकच दिवा लगेच जळून जाईल.

थकलेला घट असा कां वागतो? आंतील द्रव वाळल्यामुळें त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. नव्या घटाचा रोध सुमारें पांच सहस्रांश ओहम असतो. कठीण लाकडांत स्क्रू पिळतांना यंत्र वीस अँपियर सहज ओढतें. म्हणजे वीस गुणिले पांच सहस्रांश, एक दशांश व्होल्ट आंतल्या आंत खर्च होतो. हा रोध दसपट झाला म्हणजे तोच खर्च एक व्होल्ट होतो. घटाजवळ एकूण भांडवलच १.२ व्होल्टांचें! कमाईपैकीं जवळजवळ सर्व घरांतल्या घरांत संपते, आणि ती उष्णतेच्या रूपानें संपत असल्यामुळें घट आणखी वाळतो. थकलेल्या बॅटरीचा ऱ्हास अखेरीस फार झपाट्यानें होतो तो यामुळेंच.

शून्य झालेल्या घटास मोठ्या प्रवाहाचा एक झटका देऊन आंतील सुई जाळून टाकण्याची एक युक्ति कारागिरांत प्रसिद्ध आहे. ती खोटी नव्हे. सुई जळते, घट पुन्हां भरतो, आणि दुरुस्तीवाला पैसे घेऊन जातो. पण सुईनें मधल्या पडद्यास पाडलेलें भोंक तसेंच राहतें. कांहीं दिवसांत तेथून दुसरी सुई वाढते, आणि तोंपर्यंतहि तो घट नुसता ठेवल्यानें आपोआप उतरत राहतो. शिवाय मोटारीच्या बॅटरीनें हा झटका देण्याच्या नादांत घट फुटून अल्कली तोंडावर उडण्याचा धोका आहे. चार दिवसांच्या आयुष्यासाठीं डोळे पणास लावण्याजोगी ही युक्ति नाहीं.

खरा उपाय घट बदलण्याचा. येथें दोन मार्ग आहेत. बहुतेक यंत्रांबरोबर दोन बॅटऱ्या मिळतात व दोन्ही एकाच सुमारास थकतात. दोहोंतील घट वरील रीतीनें तपासून, चांगले निवडून त्यांची एक बॅटरी करणें हा काटकसरीचा मार्ग होय. ते सारख्या वयाचे व सारख्या वापराचे असल्यामुळें त्यांचें जमतें. मात्र आठ जुन्या घटांत दोन कोरे नवे घट घालणें हा व्यवहार दिसतो तितका फायद्याचा नाहीं. नवे घट दमदार, जुने थकलेले. जुन्यांतील सर्वांत अशक्त असेल त्याच्यावर पुन्हां तोच प्रसंग येतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं खोकें पुन्हां उघडावें लागतें. यंत्र रोजच्या कामाचें असेल तर दहाहि घट एकदम नवे घालावे, हें उत्तम.

घट विकत घेतांना मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीच्या बाजूस चौकशी केली तर माल मिळतो. पण डोळे उघडे ठेवावे लागतात. बागेंतील दिव्यांकरितां केलेले स्वस्त घट दिसावयास तसेच असतात, परंतु ते वीस अँपियर देऊं शकत नाहींत. सब-सी मापाच्या निकेल-कॅडमियम घटाची धारणा साधारणतः सव्वा ते अडीच अँपियर-तास असते. त्याच्या दुप्पट आंकडा छापलेला दिसला तर तो छापखान्याचा पराक्रम समजावा. चांगल्या घटाचें वजन सुमारें ५० ग्रॅम भरतें. स्वयंपाकघरांतील कांटा येथें उपयोगी पडतो. हलका घट म्हणजे आंत माल कमी. निकेल-मेटल-हायड्राइड या जातीचे घट दाबानें सारखेच असून धारणेनें मोठे असतात, म्हणून दुकानदार ते सुचवितो. यंत्रास ते चालतील. जुन्या चार्जरास चालतीलच असें नाहीं. भरती पूर्ण झाली हें ओळखण्याची जी खूण, म्हणजे दाबांत होणारी किंचित् घसरण, ती या जातींत फारच पुसट असते. चार्जरला ती कळली नाहीं तर तो भरतच राहतो व घट भाजून निघतात. त्या जातीसाठीं केलेला चार्जर हातीं नसेल तर हा मोह टाळावा.

घट जोडतांना त्याच्या टोकावर सरळ डाख देऊं नये. डाखाची उष्णता टोपणाखालील प्लॅस्टिकच्या वाटोळ्या बंधापर्यंत व आंतील पडद्यापर्यंत पोंचते, आणि नवा घट पहिल्याच दिवशीं जुना होतो. कारखान्यांत निकेलची पट्टी क्षणभराच्या विद्युत्प्रवाहानें टोकावर चिकटविलेली असते; यास स्पॉट वेल्डिंग म्हणतात. त्याचें लहान यंत्र बॅटरी दुरुस्त करणाऱ्या दुकानांत असतें. तें नसेल तर पट्ट्या आधींच लावलेले घट मागून घ्यावे, आणि डाख पट्टीला पट्टीवर द्यावा, घटापासून दूर. सर्व जोडणी चित्राबरहुकूम झाली कीं तो मुगाएवढा उष्णतामापक पूर्वींच्याच जागीं, घटाच्या अंगाशीं घट्ट बसवावा. जलद भरणारा चार्जर बॅटरी तापली कीं नाहीं हें त्याच्याच डोळ्यानें पाहतो. तो काढून टाकला, किंवा कागदावर लोंबत ठेवला, तर चार्जर आंधळा होतो.

नवी मांडलेली बॅटरी पहिल्या वेळीं जलद चार्जरवर लावूं नये. धारणेच्या एकदशांश इतक्या मंद प्रवाहानें, म्हणजे दीड अँपियर-तासांच्या बॅटरीस दीडशें मिलिअँपियरनें, चौदा ते सोळा तास भरावी. घट दुकानांत निरनिराळ्या काळ पडून राहिलेले असतात; कोणी अर्धा भरलेला, कोणी जवळजवळ रिकामा. मंद प्रवाहांत जो आधीं भरतो तो पुढें येणारी वीज आंतल्या आंत थोड्याशा उष्णतेंत जिरवीत स्वस्थ बसतो व मागे राहिलेल्यांची वाट पाहतो. पंगतींत ज्यांचें जेवण आधीं झालें ते शेवटचा माणूस हात धुवावयास उठेपर्यंत पानावर बसून राहतात तसें. निकेल-कॅडमियमच्या अंगीं हा एक मोठा शिष्टाचार आहे. लिथियमच्या अंगीं तो मुळींच नाहीं, आणि येथूनच दोन जातींच्या वाटा वेगळ्या होतात.

लिथियमच्या घटाचा दाब सुमारें ३.६ व्होल्ट. म्हणून १८ व्होल्टांस पांचच घट पुरतात. मोठ्या बॅटरींत दोन-दोन घटांच्या जोडीचे पांच गट, म्हणजे दहा घट असतात. पूर्ण भरल्यावर एका घटाचा दाब ४.२ व्होल्ट होतो. त्यापुढें त्यांत वीज ढकलली तर ती जिरत नाहीं. घट तापतो, त्या उष्णतेनें आंतील रासायनिक क्रिया आणखी उष्णता निर्माण करतात, आणि एका मर्यादेपलीकडे हें चक्र थांबवितां येत नाहीं. आंतील द्रव ज्वालाग्राही असतो. एक घट पेटला कीं शेजारचे पेटतात. म्हणूनच चांगल्या लिथियम बॅटरींत एक विद्युत्फलक बसविलेला असतो. तो प्रत्येक गटावर नजर ठेवतो व कोणताहि गट फार भरूं लागला, फार उतरला किंवा फार तापला कीं वाट बंद करतो.

पुष्कळ 'मेलेल्या' लिथियम बॅटऱ्या खरोखर या पहारेकऱ्यानें कुलूप लावलेल्या असतात. यंत्र सहा महिने पेटींत पडून राहतें. पहारेकऱ्याचा स्वतःचा शिधा याच घटांतून जातो, आणि कांहीं रचनांत तर तो पांचांपैकीं एकाच गटांतून जातो. तो गट इतरांच्या मागें पडतो, चार्जर ही विषमता पाहून तांबडा दिवा दाखवितो, आणि मालक बॅटरी टाकून देतो. खोकें उघडून पांचहि गटांचा दाब मोजला तर दुखणें लगेच कळतें. सर्व गट अडीच व्होल्टांच्या वर असून एखादाच थोडा मागें असेल, तर लिथियमसाठींच केलेल्या, दाबाची मर्यादा पाळणाऱ्या चार्जरनें तेवढाच गट मंद प्रवाहावर वर आणून इतरांच्या बरोबरीस बसवितां येतो. मग पुष्कळदां कुलूप आपोआप उघडतें. कांहीं फलक मात्र एकदां नोंदलेला दोष विसरत नाहींत. त्यांच्यापुढें घरगुती उपाय चालत नाहीं.

एखादा गट दीड व्होल्टाच्या खालीं दीर्घकाळ राहिलेला असेल तर त्याचा लोभ धरूं नये. इतक्या खालच्या दाबास ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा द्रवांत विरघळूं लागतो. पुन्हां भरतांना तें तांबें भलत्याच जागीं बसतें व दोन्ही बाजूंमध्यें पूल बांधतें. असा घट भरल्यावर दिसतो चांगला. तो पेटतो तो कधीं तरी मध्यरात्रीं, चार्जरवर असतांना. पहारेकऱ्यास वगळून दुसऱ्या भरलेल्या बॅटरीनें मेलेल्या बॅटरीस 'धक्का' देण्याची रीत सर्रास दाखविली जाते. तींत कोणता गट किती खालीं होता हें पाहिलेलेंच नसतें, म्हणून ती सर्वस्वीं त्याज्य होय. त्याचप्रमाणें जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घट मापानें तसेच असले, १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी, तरी ते मंद कामासाठीं घडविलेले असतात. हत्याराचा प्रवाह त्यांस सोसत नाहीं. आणि ज्यावर ९९०० मिलिअँपियर-तास असा आंकडा झळकतो तो या मापाचा घट कोणींहि फुकट दिला तरी घेऊं नये, कारण नामांकित कारखान्यांचे घटहि सामान्यतः साडेतीन हजारांच्या आसपासच असतात.

लिथियमचे घट बदलण्याचें काम स्पॉट वेल्डिंगचें यंत्र व अनुभव असलेल्या कारागिराकडेच द्यावें, असें सांगणें योग्य ठरेल. घरीं करावयाचें तें इतकेंच: खोक्यावरील पितळी पट्ट्या स्वच्छ करणें, दाब मोजणें, आणि दुरुस्त होऊन आलेल्या बॅटरीवर पहिल्या दोन-तीन भरत्यांत नजर ठेवणें. ती फरशीवर ठेवून भरावी. गादीवर, लाकडी कपाटांत किंवा दाराच्या वाटेंत नव्हे. फुगलेली, गोडसर उग्र वास येणारी किंवा हातास चटका देणारी बॅटरी लगेच मोकळ्या जागीं न्यावी. ज्वाळा किंवा धूर निघूं लागला असेल तर तिला हात न लावतां घरांतील माणसें बाहेर काढावीं व १०१ वर अग्निशामक दलास कळवावें. तो धूर विषारी असतो.

ज्यांस घट बदलण्याचा खर्चहि करावयाचा नाहीं अशांकरितां एक ओबडधोबड पण उत्तम चालणारी तोड आहे. १२ व्होल्टांच्या जुन्या यंत्राच्या बॅटरीचें खोकें पूर्ण रिकामें करावें, आंतील दोन पितळी पट्ट्यांस चार चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची तार जोडावी, धन तारेंत तिच्या उगमापाशीं तीस अँपियरचा फ्यूज घालावा, आणि दुसरीं टोकें मोटारीच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीस लावावीं. तार तीन मीटरांपेक्षां लांब नसावी. तेवढ्या लांबींत वीस अँपियरवर सुमारें अर्धा व्होल्ट खर्च होतो, तो चालण्याजोगा आहे. तारेपासून सुटका म्हणून घेतलेल्या यंत्रास पुन्हां तार बांधावी लागते हा त्यांतला विनोद. पण जेथें घरांतील विजेचा खांब पोंचलेला नाहीं अशा बांधकामावर असें यंत्र दिवसभर काम देतें.

राहिला काढून टाकलेल्या घटांचा प्रश्न. जपानांत तोयामा प्रांतांतील जिंझू नदीच्या कांठीं खाणीच्या सांडपाण्यांतून भातशेतींत कॅडमियम उतरलें, आणि तेथील लोकांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, हाडें ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा रोग जडला. रुग्णांच्या कण्हण्यावरूनच त्याचें नांव 'इताई-इताई' पडलें. जपानी सरकारनें त्याचें कारण कॅडमियम असल्याचें १९६८ सालीं मान्य केलें. दहा घटांच्या एका बॅटरींत तेंच कॅडमियम असतें. ती कचऱ्याच्या डब्यांत गेली तर कचराभूमींतून तें पाण्यांत उतरतें. भंगारवाल्याकडे गेली तर निकेलच्या लोभानें घट फोडणाऱ्या पोराच्या फुप्फुसांत जातें. भारत सरकारच्या २०२२ सालच्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनीं वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. तेव्हां यंत्राच्या कंपनीच्या सेवाकेंद्राकडे किंवा नोंदणी असलेल्या ई-कचरा संकलकाकडे ते घट देतां येतात. देईपर्यंत प्रत्येक घटाचीं दोन्ही टोकें चिकटपट्टीनें झांकावीं, निकेलचे व लिथियमचे घट निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवावे, डब्यावर आंत काय आहे तें मोठ्या अक्षरांत लिहावें, आणि तो डबा मुलांच्या हातास लागणार नाहीं अशा उंचीवर, उन्हापासून दूर ठेवावा.